ट्रेमधली दुसरी गाठ

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीसाठी खाडी ओलांडून पलीकडच्या गावात जावं लागायचं आणि मी होडीत बसायला तयार नव्हतो, त्यामुळे तिथेच संपली. हे सांगायचं कारण, तुम्ही दिवाळी अंकवाल्यांनी निरोप पाठवला होता, "तुम्ही तोंडी सांगा, आम्ही लिहून घेतो." मी म्हटलं, एकतीस वर्षं माणसांच्या आतड्यांवर नंबर घातले ते माझ्या हाताने, तर हेही माझ्याच हाताने होईल. वेळ लागला. ऱ्हस्वदीर्घ तुम्ही बघा, मजकुराला हात लावू नका.

रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी होतो. रक्त-लघवीची लॅब नव्हे. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, तुकडा, आख्खा अवयव जिथे तपासतात, ती. कागदावर अटेंडंट, लोकांच्या तोंडी मामा. हॉस्पिटलात पुरुष शिपाई दिसला की तो मामाच. एकदा माझा सख्खा भाचा ॲडमिट झाला, तेव्हा मला मामा म्हणणारा खरा तेवढा एकच होता.

काम साधं वाटतं. थिएटरमधून तुकडा येतो. तो फॉर्मालिनमध्ये बुडवायचा, म्हणजे कुजत नाही आणि घट्ट होतो. तुकड्याच्या दहापट औषध पाहिजे आणि बरणी मोठ्या तोंडाची पाहिजे. हे दुसरं लोकांना कळत नाही. एका तालुक्याच्या डॉक्टरने एकदा चरबीची गाठ सरबताच्या बाटलीत घालून पाठवली. मऊ होती तेव्हा आत गेली, आमच्याकडे येईपर्यंत दगड झालेली. बाहेर कशी काढायची? मी बाटली हातोडीने फोडली आणि त्या बाटलीचा गळा कागदात गुंडाळून रिपोर्टसोबत त्यांना परत पाठवला. पुढच्या वेळी त्यांच्याकडून बरणी आली.

नाव आणि नंबर बरणीच्या अंगावर चिकटवायचा, झाकणावर कधीच नाही. दोन बरण्या शेजारी उघडल्या की झाकणं बदलतात, आणि झाकण बदललं की एका माणसाचा कॅन्सर दुसऱ्याच्या घरी जातो. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही बरणी चुकली नाही. हे मी अंगठा देऊन लिहून देईन, सही येते तरी.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या डॉक्टरीणबाई तो तुकडा कापून बघतात आणि हवे तेवढे बारके भाग निवडतात. ते भाग मेणात बसवायचे, मेणाच्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे. मग बाई दुर्बिणीतून बघून सांगतात, काय आहे ते. बघणं बाईंचं, त्याआधीचं बरंचसं माझं. त्या फॉर्मालिनने माझं नाक खाल्लं. घरी बायको म्हणते कालवणातल्या बांगड्याला वास येतोय, आणि मी ताट चाटून पुसून उठलेला असतो. डोळेही सारखे पाणावतात. लोकांना वाटतं, मामा हळवा झाला. मामाला काही झालेलं नाही, ते औषध आहे.

आता ट्रेबद्दल. आमच्याकडे ऑपरेशनमध्ये काय काढलं ते नातेवाइकांना दाखवतात. दाखवलं नाही तर गावाला जाऊन म्हणतील, पोट फाडलं आणि तसंच शिवलं. म्हणून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून, वर हिरवा कपडा घालून, थिएटरच्या दारात न्यायचं आणि कपडा उचलायचा. कोणी डोळे मिटतं, कोणी फोनवर फोटो काढतं. पित्ताचे खडे असले तर मागून घेतात आणि घरी बाटलीत ठेवून आल्यागेल्याला दाखवतात. दाखवायला खरं म्हणजे सर्जनसाहेबांनी यायचं. पण ते अडकले की म्हणायचे, "मामा, जरा दाखवून या." मी न्यायचो. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. दारातली सगळी माणसं उठून उभी राहायची.

एवढ्या वर्षांत माझी नजर बसली होती. बाईसुद्धा कापायच्या आधी थट्टेने विचारायच्या, "काय मामा, काय म्हणते तुमची दुर्बीण?" मी सांगायचो आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं. त्या हसायच्या आणि मी फुगायचो. आता जे लिहितोय ते त्या फुगण्याचं आहे.

दत्ताराम म्हणून एक पेशंट होता. देवरुखच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीतला. साठीचा, शेती करणारा, खांदे रुंद. शिमग्यात देवाची पालखी नाचवायला त्यांच्या घराण्याचा खांदा पहिला, असं त्याने मला भरती झाला त्या दिवशीच सांगितलं होतं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालेला. सोबत बायको सुलोचना आणि मुंबईहून रजा काढून आलेला धाकटा भाऊ रामचंद्र.

ऑपरेशन चाललेलं असताना सर्जनसाहेबांनी पोटात सगळीकडे हात फिरवला, तो रिवाजच आहे. जठराच्या बाहेरच्या अंगाला त्यांना एक गाठ लागली. सुपारीएवढी, टणक. तीही त्यांनी काढली. आतड्याचा तुकडा आणि ही सुपारी, दोन्ही ट्रेमध्ये आलं. थिएटरातला नवा डॉक्टर म्हणाला, "मामा, एकाच बरणीत टाका ना, एकाच पेशंटचं तर आहे."

"दोन जागांवरून आलं तर दोन बरण्या," मी म्हटलं.

"अहो, काय फरक पडतो?"

"तुम्हाला नसेल पडत. बरण्या मी धुतो."

दोन बरण्या केल्या, एक नंबर, दोन नंबर. पण त्यात घालायच्या आधी साहेब म्हणाले, दाखवून या. मी ट्रे घेऊन दारात गेलो आणि कपडा उचलला.

सुलोचनाने पदर तोंडाला लावला. रामचंद्र वाकून बघायला लागला. "हे आतडं. आणि ही बारकी कसली ओ मामा?"

"जठरावर होती. साहेबांच्या हाताला लागली."

"म्हणजे आतड्यातली तिकडे गेली?"

इथे मी म्हणायला हवं होतं, रिपोर्ट आल्यावर डॉक्टर सांगतील. तीनचार शब्द. त्या बरण्यांवर नंबर घालताना मी एवढा कडक, आणि इथे माझी जीभ सुटली. मी म्हटलं, "एका ठिकाणची दुसऱ्या ठिकाणी दिसली, म्हणजे काय ते समजायचं. पसरलंय. आता घरी न्या आणि सेवा करा."

हॉस्पिटलात 'सेवा करा' म्हणजे काय ते आमच्या जिल्ह्यात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. उपाय संपले की हे सांगतात. रामचंद्रने माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही आपली माणसं म्हणून खरं सांगितलंत." मला तेव्हा बरं वाटलं होतं.

साहेबांनी नंतर त्यांना सांगितलं, ऑपरेशन चांगलं झालं, दुसरी गाठ कसली ते रिपोर्टवर कळेल, दहाव्या दिवशी टाके काढायला या. त्यांनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, डॉक्टर लपवतायत. दत्तारामला जीपमध्ये घालून घरी नेलं.

लॅबमध्ये बाईंनी पहिली बरणी उघडली. आतड्यासोबत चरबीचा थर येतो, त्यात मटाराच्या दाण्यासारख्या बारक्या गाठी असतात. कॅन्सर पसरायला लागला की आधी तिथे जातो, म्हणून त्या बोटांनी चाचपून एकेक काढायच्या. हे काम माझ्याइतकं कोणाला जमत नव्हतं. सगळ्या काढून दिल्या. सगळ्या स्वच्छ निघाल्या. बाई म्हणाल्या, "मामा, या माणसाचा आतड्यातच थांबलेला आहे."

"मग जठरावरची?"

त्यांनी दुसरी कापली होती. आत पांढुरकी, घट्ट. "ही मला वेगळीच वाटते."

"वेगळी कसली बाई? पसरलेलीच ती."

"दुर्बीण बघा आणि मग बोला," म्हणून त्यांनी मला बसवलं. पहिल्या काचेवर पेशी गोल गोल कोंडाळी करून बसलेल्या. दुसऱ्या काचेवर सगळ्या लांबट, एका अंगाला कललेल्या, वाऱ्याने भात आडवं पडतं ना, तशा. मला अक्षर कमी कळतं, पण भात कळतं. ही त्या जातीची नव्हती.

बाईंनी तेव्हा समजावलं ते असं. जठराच्या आणि आतड्याच्या भिंतीत काही पेशी असतात, त्या आतड्याला ताल देतात, पुढे ढकल म्हणून सांगतात. त्या जातीच्या पेशींपासून होणारी ही गाठ. तिचं लांबलचक नाव गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, आम्ही जिस्ट म्हणायचो. ती मोठी झाली आणि पेशी भराभर वाढायला लागल्या तर वाईटच. पण अशी सुपारीएवढी, हळू वाढणारी, जठरावरची, आख्खी काढलेली असली तर नुसतं लक्ष ठेवायचं. कधीकधी ती अशीच दुसऱ्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये अचानक सापडते, कारण ती दुखत नाही आणि एरवी कोणी पोट उघडून बघत नाही. पहिल्या कॅन्सरशी तिचं नातं नसतं. एका घरात दोन बिऱ्हाडं, एवढंच.

पण खात्रीसाठी खास रंगाची तपासणी मुंबईला करायची होती. मेणाची वडी पाठवली. त्यात दिवस गेले. दहाव्या दिवशी दत्ताराम टाके काढायला आला नाही. फोन लावला तर लागत नव्हता, त्या वाडीत रेंज एका आंब्याखाली येते म्हणे. मुंबईचा रिपोर्ट आला, बाई म्हणाल्या तसाच. बाई खुशीत म्हणाल्या, "येतील हो. भातकापणीत असतील."

ते का येत नाहीत ते हॉस्पिटलात मला एकट्याला ठाऊक होतं. दोन दिवस मी गप्प राहिलो. खोटं नाही लिहीत, दोन दिवस. मी विचार केला, गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे? साहेबांनी तर सांगितलंच होतं त्यांना यायला. तिसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो आणि ट्रेचं सगळं सांगितलं.

बाईंनी काचांची पेटी लावून बंद केली. मग म्हणाल्या, "गाडी कधीची आहे तिकडे?"

"सकाळी आहे. उद्या जातो."

"आजची बघा."

देवरुखला जाऊन पुढची एसटी धरली. फाट्यावर उतरून दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरलो, गुडघे तेव्हाही कुरकुरत होते. भात झोडून झालेलं, अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली. घराच्या पडवीत दत्ताराम भिंतीकडे तोंड करून पडला होता. खांदे कुठे गेले होते कोण जाणे. मुंबईहून मुलगे येऊन भेटून गेलेले. आंब्याच्या कलमांची वाटणी बोलून झालेली. पालखीचा खांदा पुतण्याला दिलेला. तो आता दोन चमचे पेजेवर आला होता, तीही बायकोने चमचा तोंडाशी धरला तर. एकवीस दिवस झाले होते आणि टाके अजून अंगात. एक कोपरा पिकला होता.

सुलोचना मला बघून उठली. "मामा, तुमी? बगायला आलात काय?"

मी म्हटलं, "चांगली बातमी आहे वहिनी. ती दुसरी गाठ वेगळी निघाली. पसरलेलं नाही. काय झालं, डॉक्टरांना आधी वाटलं होतं की..."

"डॉक्टर कदी बोलला?" रामचंद्र आतून आला. मुंबईची भाषा त्याने तिकडेच ठेवली होती. "डॉक्टर बोलला रिपोर्ट येवदे. पसारलाय असा तुमी बोल्लात. सेवा करा, ता पन तुमीच बोल्लात."

पडवीत शेजारची दोघं-तिघं बसलेली. माझ्या घरी कोणाला विचारा, बायकोला विचारा, मी आयुष्यात कोणापुढे चुकलो म्हणालेलो नाही. चुकलो तेव्हाही नाही. त्या दिवशी म्हणालो. "मी बोललो. मला कळत नव्हतं आणि मी बोललो. माझी चूक आहे."

मग भिंतीकडून आवाज आला. दत्ताराम वळलाही नव्हता.

"तवा पन तुमी खात्रीनंच बोल्ला असाल."

"हो."

"मग आता ह्या खरा कशावरना?"

सगळ्या वाटेत मी हाच विचार केला होता की जाऊन सांगेन आणि ती माणसं उठून उभी राहतील. माझा शब्द मी ट्रेपाशीच खर्च करून बसलो होतो. खिशातून रिपोर्ट काढला. रामचंद्रने घेतला, इंग्रजीत होता, परत दिला.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हटलं. "बाईंकडे चला. त्या दोन्ही काचा दाखवतील. टाके तरी काढायला हवेत, पू होतोय."

"मेल्या मान्साचे टाके काडून काय करायचा?" दत्ताराम म्हणाला.

तेव्हा सुलोचना पुढे झाली. तिने कोनाड्यातून त्याचा धुतलेला सदरा काढला आणि अंथरुणावर टाकला. "तुमाला नसंल जायचा तर नको. मी जाऊन बगते काय हाय ता. पन मना सोबत पायजे, तुमी चला." हे नवऱ्याला. नंतर माझ्याकडे वळून, "आनि तुमी फुडं बसा. वाटंत काय बोलू नका."

चौघांनी त्याला खुर्चीत बसवून पाखाडी चढवली. जीपमध्ये मी पुढे बसलो आणि रत्नागिरीपर्यंत गप्प राहिलो.

बाईंनी आधी टाके काढायला सर्जनसाहेबांकडे पाठवलं आणि मग त्याला लॅबमध्ये खुर्ची दिली. दुर्बिणीखाली एक काच लावली, मग दुसरी. मराठीत, सावकाश, सगळं सांगितलं. आतड्यातला आतड्यातच होता, तो काढला. जठरावरचा वेगळा होता, तोही काढला. आता दर काही महिन्यांनी तपासायला यायचं. अगदी काही होणारच नाही असं मी म्हणणार नाही, बाई म्हणाल्या, पण मरायला टेकलेला माणूस तुम्ही नाही. मी दाराशी बरण्या पुसत उभा होतो.

दत्ताराम दोन्ही काचा पुन्हा पुन्हा बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, मी शिमग्याला असेन?"

"पेज सोडून जेवायला लागलात तर नाचालसुद्धा."

सुलोचना तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. इतक्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. दत्तारामने मान वळवून माझ्याकडे बघितलं. शिवी देईल असं वाटलं, दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मामा, एकवीस दिस मी मेलेला होतो. पोरांची तोंडा बगून घेतली. ता काय तुमाला म्हाईत नाय."

माझ्याशी तो बोलला ते शेवटचं.

पुढे तो तपासायला यायचा. सोनोग्राफी, रक्त, कधी स्कॅन. अंगाने भरत गेला. लॅबच्या दारात माझं स्टूल होतं. माझ्यासमोर थांबून तो माझ्या मागच्या भिंतीला विचारायचा, "बाई हायत?" मी सांगायचो, आहेत. तो आत जायचा. सुलोचना मात्र एकदा कोकमं देऊन गेली. माझ्याकडे न बघता स्टुलावर ठेवली.

त्यानंतरच्या वर्षांत तशा जोड्या आणखी पाहिल्या. खेडकडच्या एका बाईला स्तनाचा कॅन्सर होता, स्कॅनमध्ये पोटातली गाठ दिसली, घरचे हबकले, ती जिस्ट निघाली. एका दर्यावर्दी म्हाताऱ्याच्या जठरात कॅन्सर आणि त्याच्या शेजारीच वाटाण्याएवढी जिस्ट. त्याचा कॅन्सर मात्र वाईट होता, तो वाचला नाही. सगळेच वाचतात असं लिहायला मला आवडलं असतं. ट्रे घेऊन मी जायचो तेव्हा लोक विचारायचे, मामा, कसली हो? मी म्हणायचो, रिपोर्ट आल्यावर डॉक्टर सांगतील. "इतकी वर्षं आहात, तुम्हाला कळत नाही होय?" नाही कळत, म्हणायचो. मागे कुजबूज ऐकू यायची, मामा माजलाय. म्हणू देत. बाईंनीही नंतर कधी 'तुमची दुर्बीण काय म्हणते' असं विचारलं नाही. त्यांनी विचारावं असं वाटायचं, पण मीही विषय काढला नाही.

आता रिटायर होऊन चार वर्षं झाली. या श्रावणात औषधं आणायला बाहेर पडलो होतो, एसटी स्टँडवर टेकलो. समोर देवरुखची गाडी लागली. गर्दीत दत्ताराम दिसला. खांद्यावर खताचं पोतं, बायको मागे. त्याने मला बघितलं. ओळखलं, हे नक्की. तोंड फिरवलं आणि पोतं न उतरवता, दांड्याला न धरता गाडीच्या पायऱ्या चढला. आत कंडक्टरशी पोत्यावरून भांडायला लागला. चांगला मोठा आवाज होता, स्टँडभर ऐकू येत होता.

मी हाक मारली नाही. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत बसून ऐकत राहिलो.